सहाचे दोन करताना: पासवर्ड मॅनेजरची यादी

गोव्यातला एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) काढायला बसावं, बिटवर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर) क्लिक करावं आणि समोर एकसारख्या सहा ओळी याव्यात. प्रत्येक ओळीत वर संकेतस्थळाचा पत्ता, खाली दहा आकडी मोबाइल नंबर. घरातली सिमकार्डं एकाच दिवशी घेतलेली, त्यामुळे पहिले सात आकडेही तेच. यातली आई कुठली, काका कुठले आणि दुकान कुठलं? दोन-तीनदा चुकीची ओळ भरली की एका खात्याचं पोर्टल (नाव नको) लॉगिनच बंद करून ठेवतं.

नावं बदलणं सोपं. क्रोममधून सीएसव्ही (जतन केलेल्या पासवर्डांची तक्त्यासारखी फाइल) आणली की नावाच्या रकान्यात पत्ताच येतो, म्हणून यादी अशी दिसते. एडिट करून नाव द्या, पण ओळखीचा शब्द आधी: ‘आई – जमीन’, ‘दुकान – वीज’. ‘गोवा सरकार जमीन नोंदी – आई’ असं लिहिलंत तर अरुंद खिडकीत नेमकी आईच कापली जाते.

नावं सुधारली तरी एक्स्टेन्शनच्या चिन्हावरचा, जुळलेल्या नोंदींचा आकडा मात्र सहाच. वीजबिलाच्या, घरपट्टीच्या नोंदी जमिनीच्या पानावर कशाला? यात दोन रविवार गेले. कारण असं, की जुळवणी पूर्ण पत्त्याची होत नाही, मूळ डोमेनची होते. मूळ डोमेन कुठवर धरायचं ते ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ नावाची यादी ठरवते. तीत ‘गव्ह डॉट इन’ हा प्रत्यय आहे. त्याच्या डावीकडचा एक शब्द घेतला की ‘गोवा डॉट गव्ह डॉट इन’ हे मूळ डोमेन झालं. त्याच्याही डावीकडे ज्या ज्या खात्याचं नाव लागतं ते सगळं एक्स्टेन्शनच्या लेखी एकच घर. ‘गोवाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन’ मात्र वेगळं, कारण तिथे मध्ये डॉट नाही.

उपाय बिटवर्डनमध्ये असा: नोंद एडिट करा, पत्त्याशेजारच्या दातेरी चाकावर क्लिक करा आणि ‘बेस डोमेन’ (म्हणजे मूळ डोमेन) काढून ‘होस्ट’ निवडा. मी घाईत हे सेटिंग्जमधून सरसकट सगळ्या नोंदींना लावलं आणि बँकेच्या पानावर यादी रिकामी! पासवर्ड जागेवरच होते. जतन केलेल्या पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू होतं आणि लॉगिनचं पान दुसऱ्याच होस्टवर. होस्ट म्हणजे संकेतस्थळाचं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर तेच, पोर्ट (नावापुढे कोलन देऊन येणारा आकडा) लिहिलेला असेल तर तोही. तेव्हा सरसकट सेटिंग ‘बेस डोमेन’च राहू द्या, जिथे गर्दी होते त्याच नोंदी बदला. लॉगिन दोन होस्टवर होत असेल तर एका नोंदीत दोन पत्ते घालता येतात.

तिथल्याच ‘एक्झॅक्ट’च्या (अख्खा पत्ता तंतोतंत जुळवण्याच्या) वाटेला जाऊ नका. सरकारी पानांच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे दर वेळी वेगळं शेपूट लागतं, मग काहीच जुळत नाही. एकाच होस्टवर दोन खात्यांची सॉफ्टवेअर असतील तर ‘स्टार्ट्स विथ’ (पत्त्याची सुरुवात जुळली की पुरे) घ्या. त्यात एचटीटीपीएसपासून लिहायचं आणि होस्टच्या नावानंतर तिरकी रेघ हवीच. ती नसली तर त्या नावापुढे आणखी काही जोडून केलेला बनावट पत्ताही जुळतो.

प्रत्येक बदलानंतर ते पान उघडून चिन्हावरचा आकडा बघा. जमिनीच्या पानावर आता दोन येतो, आई आणि काका, आणि तो बरोबर आहे. त्याच्याखाली जायचा नाही, तिथून पुढे नावंच कामाला येतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबून भरत असाल तर पहिल्यांदा शेवटची वापरलेली नोंद भरली जाते, पुन्हा दाबलं की पुढची. सहा असताना हा जुगार होता.

खिडकी अरुंदच वाटत असेल तर ‘अपिअरन्स’मध्ये रुंदी वाढवता येते. हे मला सगळ्या नावांची काटछाट करून झाल्यावर दिसलं.

आणि ती सीएसव्ही. तिच्यात सगळे पासवर्ड उघडे, कुणीही नोटपॅडमध्ये वाचावेत असे. डाउनलोड्समधून काढा, रिसायकल बिनमधूनही काढा. क्रोमचं ‘पासवर्ड जतन करू का’ तेव्हाच बंद करा, नाहीतर त्याची खिडकी एक्स्टेन्शनच्या यादीवर येऊन बसते.