अटॅचमेंटला हात लावण्याआधी : आमची वाटचाल

आमची फर्म जळगावची. गोलाणी मार्केटमधल्या एका गाळ्यात दोन भागीदारांनी सुरू केलेली. कॉम्प्युटर दुरुस्ती, टॅली बसवणं, लॅनची केबल ओढणं, प्रिंटरची शाई. आज मुख्य काम निराळं आहे. डाळ मिल, जिनिंग, चटई आणि पाईपचे कारखाने, केळीचे व्यापारी यांच्या ऑफिसातल्या माणसांना मेलमध्ये आलेली फाईल पारखायला आम्ही शिकवतो. खानदेशात हा धंदा आहे हेच लोकांना पटत नव्हतं. अजूनही काहींना पटत नाही.

पद्धत बसवली ती भागीदाराने. त्याचा आग्रह असा, की शिकवण्याची सुरुवात फाईलच्या शेपटीपासून, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांपासून करायची. विंडोज ओळखीच्या फाईलची शेपटी मुळातच लपवून ठेवतं, म्हणून ‘इन्व्हॉइस.पीडीएफ.ईएक्सई’ ही खरं तर प्रोग्राम असलेली फाईल अकाउंटंटला ‘इन्व्हॉइस.पीडीएफ’ अशी दिसते. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने नेमका हाच फायदा घेतला. प्रेमपत्राच्या नावापुढे ‘टीएक्सटी’ दिसत होतं, खरी शेपटी ‘व्हीबीएस’, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामची होती. तेव्हा नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो की पहिलं काम ठरलेलं: फाईल एक्सप्लोरर, व्ह्यू, फाईल नेम एक्स्टेंशन्सवर टिक. विंडोज ११ मध्ये व्ह्यूच्या आत आधी शो येतं. दुसरं काम म्हणजे जेएस, जेएसई, व्हीबीएस, डब्ल्यूएसएफ आणि एचटीए या फाईली डिफॉल्ट ॲप्समधून नोटपॅडला जोडून टाकायच्या. चुकून डबल क्लिक झालंच तर प्रोग्राम चालत नाही, नुसता मजकूर उघडतो. याला पैसा लागत नाही.

आमच्या पिशवीतलं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे अँटिव्हायरस चालतो का ते तपासायची, आयकार नावाची टेस्ट फाईल. फक्त ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण अँटिव्हायरसने ती पकडायचीच असा जगभरचा संकेत आहे. ती साधी ठेवली की अँटिव्हायरस लगेच ओरडतो. तीच पासवर्ड लावून झिप केली की गप्प बसतो, कारण कुलूप लावलेल्या झिपच्या आतलं त्याला वाचता येत नाही. झिप आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये आले तर थांबायचं, हे या एका प्रयोगानंतर मुनीमजींना वेगळं सांगावं लागत नाही. खऱ्या गोपनीयतेसाठी लावलेला पासवर्ड फोनवर येतो.

आता गिऱ्हाइकं गेली त्या वर्षाबद्दल. ते लिहिल्याशिवाय आमची वाटचाल लिहून होत नाही.

बाहेरच्या मोठ्या शहरातली एक फर्म एमआयडीसीत उतरली. त्यांचं म्हणणं एकच: आमचं सॉफ्टवेअर टाका, माणसांना शिकवायची गरज नाही. दरही आमच्यापेक्षा कमी. बरीच गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्यांतल्या एका मिलमध्ये कोटेशनच्या नावाने पासवर्डवाली झिप आली. झिपमध्ये आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाईलमधली नक्कल. विंडोज १० मध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं की ती सीडीसारखी नवीन ड्राइव्ह म्हणून उघडते. आत पीडीएफचं चित्र असलेला शॉर्टकट, म्हणजे एलएनके फाईल. ही शेपटी एक्स्टेंशन्सवर टिक असली तरी दिसत नाही. ओळखायची ती चित्राच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावरून. व्यापाऱ्याने पाठवलेल्या बिलावर बाण असायचं कारणच नाही.

हे नेमकं तेव्हाच का वाढलं, तेही सांगतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आतले छोटे प्रोग्राम, आपोआप अडवायला सुरुवात केली, म्हणून चोरांनी रस्ता बदलला. नेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज सावध करण्यासाठी जी खूण ठेवतं, ती आयएसओच्या आतल्या फाईलपर्यंत पोचत नव्हती. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटपर्यंत ही फट उघडी होती. अपडेट पुढे ढकलणाऱ्याकडे ती नंतरही राहिली.

त्या मिलमध्ये तो शॉर्टकट उघडला गेला. सर्व्हरचं टॅलीचं फोल्डर सगळ्यांना पूर्ण हक्काने उघडं होतं. बॅकअपची यूएसबी डिस्क रात्रंदिवस जोडलेली. त्यामुळे खाती आणि बॅकअप दोन्ही व्हायरसने एकदमच कुलूपबंद केली, उघडेनाशी झाली. आमच्या काळात तिथे दोन डिस्कची पाळी होती. आज एक, उद्या दुसरी, संध्याकाळी काढून कपाटात. त्या पाळीचा कागद आमच्या सहीशिक्क्याचा आहे. काम हातातून गेल्यावर पाळीही बंद झाली. तरी त्या फर्मने बाजारात सांगितलं, की बॅकअप जुन्या लोकांनी बसवला होता, दोष त्यांचाच. दाणा बाजारात शब्द फिरायला वेळ लागत नाही. उरलेली गिऱ्हाइकंही गेली, गाळ्याचं भाडं थकलं, भागीदार नोकरीसाठी पुण्याला गेला. त्या फर्मने हा शब्द आजवर मागे घेतलेला नाही.

टिकलो ते एका डाळ मिलच्या शेठजींमुळे. माणूस मूळ अमळनेरकडचा. त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले आणि ऑफिसात नियम लावला: शंका आली तर फाईल उघडायची नाही, फोन करायचा, आणि फोन करणाऱ्याला कोणी हसायचं नाही. त्यांच्याकडे परदेशातून तूर येते, म्हणून ‘बिल ऑफ लॅडिंग’, ‘स्विफ्ट कॉपी’, ‘प्रोफॉर्मा इन्व्हॉइस’ या नावाच्या खऱ्या फाईली रोज असतात आणि चोरही हीच नावं वापरतात. त्यांच्या मुनीमजींचा फोन अजून येतो, “भाऊ, हाई फाईल उघडू का?” तो फोन आम्ही कधीही उचलतो.

पुढची वर्षं सुरळीत गेली.

मिल चालवणाऱ्यांनी एवढं तरी करावं. अटॅचमेंट एचटीएमएल असेल आणि उघडल्यावर मेलचा पासवर्ड मागत असेल, तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत बघा. तिथे संकेतस्थळाऐवजी ‘फाईल’ने सुरू होणारा, तुमच्याच सी ड्राइव्हचा रस्ता दिसतो. ते पान तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडलंय, पासवर्ड मात्र चोराकडे जातो. पीडीएफमध्ये नुसता क्यूआर कोड असेल तर मोबाइलने स्कॅन करू नका, कारण ऑफिसची सगळी राखण कॉम्प्युटरवर असते, खिशातल्या फोनवर नाही. वर्डची पिवळी पट्टी ‘एनेबल कंटेंट’ म्हणत असेल तर बिल वाचायला त्याची गरज नसते. बँक खातं बदलल्याचं पत्र आलं, तर पत्रातल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन लावा.

आणि फाईल उघडली गेलीच, तर आधी लॅनची केबल उपटायची, वायफाय बंद. कॉम्प्युटर बंद करायचा नाही, मेमरीतला पुरावा जातो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं, हा एप्रिल २०२२ चा आदेश छोट्या कंपन्यांनाही लागू आहे.

हे ६ तास कशात जातात ते आम्ही पाहिलंय. पगार कापला जाईल या भीतीने फाईल उघडणारा ऑफिसातला मुलगा बोलत नाही, दुपारभर फाईल मिटवत बसतो, तोवर सर्व्हर जातो. म्हणून प्रशिक्षणाला मालकाने स्वतः पहिल्या रांगेत बसायचं आणि कामगारांसमोर सांगायचं, की लगेच येऊन सांगणाऱ्याला काही होणार नाही. मालक बसायला तयार नसेल तर आम्ही ते काम घेत नाही. दिवाळीनंतर बऱ्याच पेढ्यांवर नवे अकाउंटंट येतात. त्यांना टॅलीचा पासवर्ड देण्याआधी आमच्याकडे अर्धा दिवस पाठवा, जुन्या गिऱ्हाइकांना त्याचे पैसे नाहीत.