तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅक होल आटल्यावर पुढे काय?

"सर, ब्लॅक होलमधून काहीच बाहेर येत नाही म्हणता, मग ते आटतं कसं? आणि सगळी आटली की विश्व परत पहिल्यापासून सुरू होणार का?" फिजिक्स शिकवतो म्हटलं की हे ठरलेलंच, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, माझा जबडा उघडा, तोंडात ड्रिल, आणि हे उत्तराची वाट बघतायत.

तर, आतून काही बाहेर येत नाही हे खरंच आहे. ब्लॅक होलची हद्द, म्हणजे होरायझन, ही भिंत नाही की पडदा नाही, मोठं ब्लॅक होल असेल तर पडणाऱ्याला तो कधी ओलांडला हे कळणारही नाही, फक्त तिथून परतीची वाट नसते. 1974 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनी क्वांटमचा, म्हणजे अगदी सूक्ष्म कणांच्या नियमांचा, हिशोब लावून दाखवलं की लांबून बघणाऱ्याला ब्लॅक होल किंचित गरम भासतं. गरम वस्तू रेडिएशन सोडते, त्यातून ऊर्जा जाते, ऊर्जेबरोबर वस्तुमान घटतं, हेच ते आटणं. होरायझनच्या काठाशी कणांची जोडी तयार होते, एक आत पडतो, एक निसटतो, ही गोष्ट मीपण वर्षानुवर्षं सांगितलीय, पण ती जरा लबाडीच आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं ब्लॅक होल घ्या, व्यास जेमतेम 6 किलोमीटर, आणि त्याच्या रेडिएशनची लहर चाळीसेक किलोमीटर लांबीची, मग ती काठावरच्या नेमक्या कुठल्या जागेवरून निघाली असं कसं म्हणणार?

आणि गरम म्हणजे किती, तर अ‍ॅब्सोल्युट शून्याच्या, म्हणजे सगळ्यात कमी शक्य तापमानाच्या, वर एका केल्विनचा (एका अंश सेल्सियसएवढ्या फरकाचा) सुमारे दीड कोटीवा भाग. आजूबाजूचं आकाश, बिग बँगच्या उरलेल्या उबेमुळे, 2.7 केल्विन, म्हणजे आज ही ब्लॅक होलं आटत नाहीयेत, उलट आकाशाची ऊब खाऊन वाढतायत! आज आटायचं तर वस्तुमान चंद्रापेक्षाही कमी हवं, म्हणजे आकाराने वाळूचा बारीक कण, तसलं अजून कुणाला सापडलेलं नाही. बाकीच्यांनी आकाश थंड होईपर्यंत थांबायचं, मग सूर्याएवढ्याला 1 वर 67 शून्य एवढी वर्षं, सगळ्यात अवाढव्य असतील त्यांना 100 शून्यं. विश्वाचं वय सध्या 1380 कोटी, म्हणजे अजून सुरुवातसुद्धा नाही.

आता पुन्हा सुरू होण्याचं. विश्वाची एक फेरी संपली की त्यातूनच पुढची सुरू होते, ही गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांची कल्पना मला फार आवडते, खरी वाटते असं नाही, आवडते. शेवटी फक्त प्रकाश उरला तर घड्याळ कशाचं करणार? घड्याळाला वस्तुमान असलेलं काहीतरी लागतं, फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वेळ मोजताच येत नाही, आणि वेळ नाही तर लांबीचं मापही नाही, मग अफाट पसरलेलं विश्व आणि इवलंसं तापलेलं विश्व यांत फरक उरतो कुठे, एकाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात. 2010 मध्ये पेनरोज आणि भौतिकशास्त्रज्ञ गुरझाद्यान यांनी मागच्या फेरीच्या खुणा म्हणून मायक्रोवेव्ह आकाशात, म्हणजे बिग बँगच्या त्या उरलेल्या उबेच्या नकाशात, वर्तुळं दाखवली, पण इतरांनी तपासलं तर मागची फेरी न मानणाऱ्या नेहमीच्या मॉडेलवरून कॉम्प्युटरवर बनवलेल्या आकाशातही तशीच वर्तुळं निघाली.

खरी गोची वेगळीच आहे. इलेक्ट्रॉन. तो स्वतःहून मोडत नाही, कारण चार्ज कुठे टाकणार, चार्ज असलेला पण त्याच्याहून हलका असा कणच माहीत नाही. एकटादुकटा का होईना, तो उरला की घड्याळ उरलं. पेनरोज म्हणतात त्याचं वस्तुमान हळूहळू विरून जाईल, पण एकाही प्रयोगात तसं काही दिसलेलं नाही.

चूळ भरून मी डॉक्टरांना एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इलेक्ट्रॉनवर अडलंय?" हो, इलेक्ट्रॉनवर अडलंय.