महिन्याला बारा लेख

२००९ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्या दरपत्रकात कामाची एकच ओळ होती : महिन्याला बारा लेख. दुसऱ्यांचे ब्लॉग चालवून देणे हा आमचा धंदा. मी मुद्रितशोधनातून आलेली, भाऊ वेबसाइट बांधणारा. त्याला कोड कळायचा आणि मला अनुस्वार. एवढ्या भांडवलावर दुकान चालेल असे आम्हाला वाटले आणि काही काळ ते चाललेही.

तो काळ वेगळा होता. ब्लॉग उभा करून देणारी ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये आली होती, वर्डप्रेस ही प्रणाली २००३ मध्ये. पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करता येत होता, म्हणून प्रत्येकाला तो हवा होता. उभा केल्यावर पुढे काय करायचे हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते, पण आम्ही पैसे घेत होतो.

पहिली मोठी चूक पहिल्याच मोठ्या ग्राहकाकडे झाली. नवी साइट, नवा ब्लॉग, सहा आठवडे लेख चाललेले आणि गुगलमधून एकही वाचक नाही. मी मथळे बदलले. मग पहिले परिच्छेद बदलले. मग आपली भाषाच जड होत असेल या शंकेने रात्री लेख मोठ्याने वाचून पाहू लागले. शेवटी एका संध्याकाळी भावाने सेटिंग्ज उघडली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, टिचकी राहिलीय." वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशी विनंती करणारा एक चौकोन असतो. साइट अर्धवट असताना कुणाला दिसू नये म्हणून त्यानेच तिथे टिचकी मारली होती आणि नंतर ती काढायला विसरला होता. सहा आठवडे आम्ही गुगलला हात जोडून सांगत होतो की बाबा, इकडे फिरकू नकोस.

ग्राहकाला हे सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितले आणि पुढचे दोन महिने बिल लावले नाही. ते गृहस्थ अजून आमच्याकडे आहेत. पण त्या दिवसापासून नवा ब्लॉग खुला केला की पहिल्या आठवड्यात गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात (तेव्हाचे नाव वेबमास्टर टूल्स) त्याची पाने नोंदली गेली की नाही हे बघणे माझे काम झाले. भावाचे नाही. ज्याने टिचकी मारली त्याला ती दिसत नाही. मुद्रितशोधनात हे आम्ही फार पूर्वी शिकलो होतो, इथे लावायचे सुचले नव्हते.

पण ती नुसती विसरभोळेपणाची चूक. खरा दोष त्या बारा लेखांत होता.

महिन्याला बारा लेख द्यायचे कबूल केले की बारा विषय लागतात, आणि छोट्या व्यवसायाकडे दर महिन्याला सांगण्यासारख्या बारा गोष्टी नसतात. मग एका विषयाचे तीन तुकडे व्हायचे. "हिशेब कसा ठेवावा", "हिशेब ठेवण्याच्या पद्धती", "हिशेब ठेवताना काय करावे". तिन्हींत तेच. एकेका परिच्छेदात मुख्य शब्द चार-चारदा कोंबलेला. शिवाय प्रत्येक लेखामागे कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वाचकाला न दिसणाऱ्या ओळीत, शब्दांची माळ. गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर करून टाकले होते की क्रमवारी ठरवताना आम्ही हा टॅग बघतही नाही. म्हणजे आमचा व्यवसाय सुरू झाला त्याच वर्षी. आम्ही तो पुढे दोन वर्षे इमानेइतबारे भरत होतो आणि त्याचे वेगळे पैसेही घेत होतो. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

फेब्रुवारी २०११ मध्ये शोधांची क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीत गुगलचे 'पांडा' नावाचे अपडेट आले. सुरुवातीला अमेरिकेत, आणि तिथल्या जवळजवळ १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असे गुगलनेच सांगितले होते. त्याच वर्षी ते इतर भाषांतही आले. पातळ, पाणी घातलेल्या मजकुराच्या साइटी खाली गेल्या. आमच्या दोन ग्राहकांचे वाचक निम्म्यावर आले. एकाने फोनवर विचारले, "अहो, लेख तर तुम्ही वेळेवर देत होता ना?" देत होतो. वेळेवर, मोजून, बारा.

त्यानंतर एक गोष्ट जवळजवळ योगायोगाने कळली. एका हिशेबनिसांच्या कार्यालयासाठी आम्ही लिहीत होतो. विषय मालक सुचवायचे : कार्यालयाचा वर्धापनदिन, मिळालेला सन्मान, नवी शाखा. वाचक म्हणजे बहुधा मालकांचे नातेवाईक. एकदा ते बैठकीला उशिरा आले म्हणून मी बाहेर फोन घेणाऱ्या बाईंशी बोलत बसले. सहज विचारले, लोक फोनवर काय विचारतात हो? त्यांनी श्वास न घेता सात-आठ प्रश्न सांगितले. जुन्या पावत्या किती वर्षे ठेवायच्या? कागद हरवले तर काय? मुदत उलटून गेली आहे, आता लगेच काय करू? हिशेब स्वतः ठेवला तर चालेल का? मी पर्समधल्या एका पाकिटाच्या पाठीवर ते लिहून घेतले.

त्या पाकिटावर आमचे पुढचे पाच महिने निघाले. आठ लेख. "कागद हरवले तर काय" हा लेख त्या ब्लॉगवर अजूनही सर्वांत जास्त वाचला जातो, आणि तो लिहिताना मी एकही नवा शब्द शोधला नव्हता. बाई जे फोनवर सांगत होत्या तेच ओळीने मांडले. मालक थोडे नाराज झाले, कारण त्यात त्यांच्या सन्मानाचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून नवा ग्राहक आला की पहिली बैठक मालकाशी आणि दुसरी फोन उचलणाऱ्याशी. फोन उचलणारे कुणी नसेल आणि मालकच उचलत असेल, तर उत्तमच.

२०१३ मध्ये एका ग्राहकाचा ब्लॉग जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवला. दिसायला देखणा झाला. पण प्रत्येक लेखाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर पाठवणारा ३०१ रीडायरेक्ट लावायचा राहिला. म्हणजे घर बदलले आणि टपालखात्याला कळवलेच नाही. चार वर्षांत इतर साइटींनी त्या लेखांना दिलेल्या सगळ्या लिंका ४०४ वर, म्हणजे 'पान सापडले नाही' या पाटीवर, जाऊन आपटू लागल्या. लक्षात यायला तीन आठवडे गेले. आता हलवण्याआधी जुन्या पत्त्यांची यादी काढतो, समोर नवे पत्ते लिहितो, आणि रीडायरेक्ट कधीच काढत नाही. निदान एक वर्ष तरी ठेवा असे गुगल सांगते, पण काढण्याचे कारण तरी काय?

पत्त्यांचाच विषय निघाला म्हणून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडे आडवळण. देवनागरीचे एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात. म्हणजे एका अक्षराची नऊ चिन्हे, आणि काना, मात्रा, हलंत ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला जास्तीत जास्त २०० चिन्हे देते. भागाकार केला तर बावीस. आमचे लांबलचक मराठी मथळे पत्त्यात मध्येच तुटायचे, आणि कुणाला लिंक पाठवली की टक्क्यांच्या खुणांची भलीमोठी रांग जायची. घेणाऱ्याला वाटायचे काहीतरी व्हायरस आहे. आता पत्ता आम्ही स्वतः लिहितो. तीन-चार शब्द, रोमन लिपीत. यावर माझी आणि भावाची वर्षभर भांडणे झाली. मी हरले, आणि बरोबर हरले.

फोटोंबद्दल थोडक्यात. गुगलवर सापडलेला फोटो फुकट नसतो. हे आमच्या ग्राहकाला एका छायाचित्रकाराच्या पत्रातून कळले आणि आम्हाला ग्राहकाच्या आवाजातून. भरपाई आम्ही दिली. क्रिएटिव्ह कॉमन्सचा फोटो असला तरी परवाना वाचावा लागतो : बहुतेक परवान्यांत श्रेय देणे बंधनकारक असते आणि काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते. हल्ली आम्ही ग्राहकालाच फोनवर फोटो काढायला सांगतो. वाकडे आले तरी चालतात, फक्त पाच एमबीचा फोटो तसाच चढवायचा नाही, आधी लहान करायचा.

डोमेन, म्हणजे साइटचे नोंदवलेले नाव, कुणाच्या नावावर आहे हे पहिल्याच दिवशी विचारावे. आमच्या एका ग्राहकाचे डोमेन नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर नोंदलेले होते. मुदत संपत आल्याच्या सूचना येत होत्या, नीट वेळेवर, पण त्या पेटीत डोकावणारे कुणी उरले नव्हते. एका सकाळी साइट गेली. परत मिळाली, पण जास्तीचे शुल्क भरून आणि रक्त आटवून. बॅकअपचेही तसेच. ज्या सर्व्हरवर साइट, त्याच सर्व्हरवर बॅकअप म्हणजे दाराची दुसरी किल्ली त्याच दाराला लटकवणे. आणि बॅकअप परत उतरवून साइट उभी राहते का हे एकदा तरी करून बघावे. आम्ही पहिल्यांदा करून बघितले तेव्हा फोटोंचा सगळा फोल्डरच त्यात नव्हता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि काही महिन्यांतच एका ग्राहकाने विचारले, "मॅडम, आता महिन्याला चाळीस लेख द्यायला काय हरकत आहे?" मी हरकत सांगायला हवी होती. आम्ही एक महिना करून पाहिले. वाक्ये गुळगुळीत, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरे. पण दोन लेखांत एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे छापली गेली, आणि चाळीस लेख नीट वाचून पाहायला माणूस कुठून आणणार? ते उघडकीला आणले ग्राहकाच्याच एका गिऱ्हाइकाने. मार्च २०२४ मध्ये गुगलने घाऊक मजकुराविरुद्ध धोरण आणले, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. यंत्रावर माझा राग नाही. मसुद्यातल्या चुका शोधायला आजही वापरते. पण ते चाळीस लेख वाचताना मला २०१० मधले आमचेच तीन तुकड्यांचे लेख आठवत होते, फक्त वेग जास्त.

आज दरपत्रकात दोन ओळी आहेत : महिन्याला दोन नवे लेख आणि सहा जुन्यांची दुरुस्ती. दुसरी ओळ विकणे अवघड जाते. जुन्याचे काय पैसे द्यायचे, असे नवे ग्राहक म्हणतातच. मग मी त्यांच्याच ब्लॉगवरचा सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख उघडून दाखवते. तो बहुधा चार-पाच वर्षांपूर्वीचा असतो आणि त्यातला निदान एक नियम बदललेला असतो. वाचक तिथेच येतो आणि चुकीचे वाचून जातो. दुरुस्ती म्हणजे बदललेली माहिती घालणे, एकाच प्रश्नावरचे दोन लेख जोडून एक करणे आणि उरलेल्या पत्त्याला रीडायरेक्ट लावणे, तिसऱ्या परिच्छेदात लपलेले उत्तर वर आणणे. मजकुराला हात न लावता नुसती तारीख आजची करून द्या, अशी मागणीही येते. ती आम्ही करत नाही.

दर सोमवारी सकाळी भाऊ मृत लिंका तपासतो. मागच्या सोमवारी २०१४ च्या एका लेखातली लिंक जिवंत निघाली, म्हणून यंत्राने तिला हिरवी खूण दिली होती. त्याने तरीही उघडून पाहिली. मूळ साइट कधीच बंद पडली होती, डोमेन दुसऱ्या कुणी घेतले होते आणि आमच्या ग्राहकाचा वाचक बचतीच्या लेखातून सरळ ऑनलाइन जुगारावर पोचत होता. किती महिने, ते काढता आले नाही. लिंक काढली, ग्राहकाला फोन केला. आता हिरव्या खुणांची यादीही उघडून बघायची असे ठरले आहे. ती चौदाशेची आहे, आणि पहिले शंभर माझ्या वाट्याला आलेत.