निरामिष आमिष

'आमिष' हा शब्द हल्ली बहुतेक गुन्हेगारीच्या बातम्यांतच भेटतो. नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष, दामदुपटीचं आमिष. प्रत्यक्ष गळ टाकून बसलेल्या माणसाच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही. आमच्या रत्नागिरीत तो शेजारच्याला एवढंच विचारतो, "काय लावलंस?" उत्तरही एका शब्दाचं. कोळंबी. गांडूळ. पीठ. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष आणि निरामिष ही त्याचीच पोरं. म्हणजे गळाला कणकेची गोळी लावणारा माणूस निरामिष आमिष दाखवतो म्हणायचं. हा विनोद मला भाट्याच्या पुलावर सुचला, तीन तासांत एकही मासा न लागल्यावर.

पहिला गळ मामाने दिला, मे महिन्यात. "आधी गांडुळं आण," म्हणाला. मी परसात कुदळ चालवली. वीतभर खाली जांभा लागला, कुदळीच्या ठिणग्या उडाल्या, गांडूळ काही दिसलं नाही. मामा पायरीवर बसून बराच वेळ मजा बघत होता. मग म्हणाला, "न्हाणीच्या मागे बघ, केळीत." आंघोळीचं पाणी बारा महिने जाऊन तिथली माती काळी, भुसभुशीत झालेली. पहिल्याच घावाला चार निघाली. ती ओल्या मातीसकट करवंटीत ठेवून वर केळीचं पान झाकायचं. या प्राण्याला मराठीत नावं तरी किती! कुठे काडू, कुठे दानवं, कुठे शिदोड. शाळेच्या पुस्तकात त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हटलेलं असतं, त्यामुळे टोचताना पहिल्यांदा हात जरा अडखळतोच.

ओवायचीही रीत आहे. मी अख्खं गांडूळ वेटोळी करून गळावर कोंबलं होतं, भजी दिसावीत तसं. मामाने ते काढून टाकलं. दुसरं घेतलं, एका टोकाकडून दोनदा टोचलं आणि बोटभर शेपूट मोकळं सोडलं. ते वळवळलं पाहिजे. गढूळ ओढ्यात माशाला दिसतं थोडं, पण शेजारी काहीतरी हलतंय हे त्याला अंगाच्या कडेने कळतं. त्या संध्याकाळी ओढ्याच्या डोहात दोन शिंगटे लागले आणि मी स्वतःला जाणकार समजायला लागलो.

जाणकारी भाट्याला उतरली. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. मी ऐटीत करवंटी घेऊन पुलावर गेलो. गळ टाकला, पाच मिनिटांनी वर काढला, तर गांडूळ पांढरंफटक, भिजलेल्या सुतळीसारखं लोंबतंय. खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही. पलीकडे एक म्हातारे चाचा बसले होते. मान न वळवता म्हणाले, "गोड्या पाण्याचा माल खाऱ्यात कुठे खपतो?"

चाचांचा माल खाडीतच पिकलेला. सुकतीला पाणी मागे गेलं की ते गुडघाभर चिखलात उतरून खुरप्याने खणायचे. त्यातून निघायचे लांबट, तांबूस किडे, दोन्ही अंगांना बारीक पायांची झालर असलेले. एक मी हातावर घेतला, तर त्याने तोंड बाहेर काढून चक्क चावा घेतला. दोन काळे इवलेसे चिमटे असतात त्याला. "त्यालाबी जीव हाय," चाचा म्हणाले आणि त्याला गळावर चढवलं. वाळूच्या तळाशी फिरणाऱ्या मुडदुशा त्याच किड्यांवर जगतात. त्यांना दुसरं काही दाखवण्यात अर्थच नसतो.

इतक्या वर्षांत मला कळलं ते एवढंच, की मासा हॉटेलात आलेला नसतो, तो घरी जेवत असतो. त्याच्या पाण्यात आपोआप पडतं, रांगतं, पोहतं, ते त्याला द्यावं. जिताड्याला जिवंत कोळंबी किंवा बोयट माशाचं पिल्लू. कोळंबी डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी टोचायची, आतला काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला धक्का लागला तर ती तिथेच मरते. ठिपका चुकवला तर तासभर पोहत राहते. शिंगाळ्याला असलं नजाकतीचं काही लागत नाही. त्याच्या मिशांवरच काय, अंगभर चव कळणारे ठिपके असतात, म्हणजे अख्खा मासा ही एक जीभच. त्याला कालच्या तारलीचा तुकडा द्या. तारली तेलकट, वास लांब जातो, पण मांस मऊ. गळावरून निसटू नये म्हणून शिवणाचा दोरा गुंडाळावा लागतो. म्हाकूल, म्हणजे स्क्विड, चिवट, ते स्वतःच धरून राहतं. आमिष पाण्यात धुऊन फिक्कं पडलं की बदलायचं, कितीही चांगलं दिसत असलं तरी. इथे बरेच जण कंजुषी करतात. मीही करतो.

कंजुषीचं कारण मामी. जून-जुलैत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या बंद. बाजारात मासळी कमी आणि भाव वर. अशाच एका रविवारी मी खाडीची कोळंबी आणली, टपोरी, आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. उठून बघतो तर डबा धुऊन पालथा घातलेला आणि चुलीवर कोकमाचा वास. "माणसांना मिळत नाही, नि तू माशांना घालतोस?" मामी म्हणाली. कालवण ढवळता ढवळता तिने परातीतल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडला नि माझ्या हातात ठेवला. "तुझ्या पाहुण्यांना हे ने."

कणकेला मी हसत असे. पण कावेरीकाठी महसीर धरणारे लोक नाचणीचा उकडलेला गोळा वापरत आले आहेत, आणि तो मासा मणामणाचा होतो. मी कणकेत थोडा कापूस मळला, पाण्यात चटकन विरघळू नये म्हणून. पुलाच्या खांबाशी, जिथे शेवाळ माजलेलं असतं, तिथे वाटाण्याएवढी गोळी सोडली. शेवाळ खाणाऱ्या माशाला पिठाचं वावडं नसावं, हा माझा हिशेब. तास गेला. मग दोरी दोनदा थरथरली, तिसऱ्यांदा ओढली गेली. एक कालुंदर, तळहाताएवढं.

मामीने ते रवा लावून तळलं आणि अर्धं स्वतःच्या ताटात घेतलं. हल्ली रविवारी परात पुढे ओढली की ती आतूनच विचारते, "किती जणांची मळू?" आणि मी एक जास्तीचा धरून सांगतो.