पाठमोरा हर्क्युलिस

ग्रीक पुराणकथांतील प्रसंग दाखवणाऱ्या प्राचीन शिल्पांची जुनी मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावर शाई भरून कागदावर छापलेली चित्रे, न्याहाळण्याचा मला छंद आहे, आणि त्यांतले जे चित्र मी पुन्हा पुन्हा काढून पाहतो, त्यात वीराचा चेहराच नीट दिसत नाही. तेव्हा रोमच्या फार्नेसे राजवाड्यात असलेला हर्क्युलिसचा पुतळा डच कलावंत हेन्ड्रिक गोल्टझियस याने १५९२च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरला, तो थेट पाठीमागून.

समोरून पाहणाऱ्याला हा हर्क्युलिस म्हणजे गदेवर रेलून उभा असलेला एक थकलेला, धिप्पाड पुरुष वाटतो. तो कशाने थकला, याचे उत्तर पाठीमागे नेलेल्या उजव्या हातात आहे. त्या हातात हेस्पेरिडिस या अप्सरांच्या बागेतली सोन्याची सफरचंदे आहेत, आणि ती मिळवण्यासाठी, एका कथेप्रमाणे, त्याने अ‍ॅटलास या आकाश पेलणाऱ्या महाकाय देवाच्या ऐवजी काही काळ ते आपल्या खांद्यांवर पेलले होते. तीन मीटरहून उंच अशा या पुतळ्याला वळसा घातल्याशिवाय कथा पुरी होत नाही. गोल्टझियसने तो वळसा आपल्या वतीने घातला, आणि पुतळ्याच्या पलीकडे, खालच्या बाजूला, आपल्या काळच्या वेशातले दोन बघे उभे केले. मान वर करून ते तन्मयतेने पाहत असतात, आणि मला दरवेळी हसू येते, कारण सफरचंदांचा त्यांना पत्ताच नसतो.

कोरणी खोल गेली की रेघ फुगते, वर आली की केसासारखी बारीक होते. त्या विशाल पाठीचा एकेक स्नायू अशाच वक्र रेघांनी उभा राहिला आहे, खरे तर थोडा अतिच. लहानपणी विस्तवात पडल्यामुळे गोल्टझियसचा उजवा हात कायमचा आखडला होता, हे लक्षात घेतले की त्या रेघांचा डौल अधिकच अचंबित करतो.

आणखी एक गंमत पायांची आहे. सोळाव्या शतकात रोममधल्या, सम्राट कॅराकल्लाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत पुतळा सापडला तेव्हा त्याला पाय नव्हते, म्हणून गुल्येल्मो देल्ला पोर्ता या शिल्पकाराने नवे घडवले. पुढे मूळ पाय मिळाले, तरी ते बसवायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. त्यामुळे गोल्टझियसच्या चित्रातला हर्क्युलिस ज्या पायांवर उभा आहे, ते नेपल्सच्या संग्रहालयातल्या आजच्या पुतळ्याला नाहीत.