गोव्यात कुठे होतो भूकंप?

फोंड्याला लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारतं, 'सर, गोव्यात भूकंप होतो कुठे? मग अख्खी नोकरी भूकंप अभियांत्रिकी शिकवण्यात कशी काढलीत?' परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

कोयना धरण ज्यात येतं, ते दख्खनचं द्वीपकल्पही स्थिरच मानलं जायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने तो समज मोडला आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. १९९३ मध्ये किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा नकाशावर ती सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २०१६ च्या आयएस १८९३ मध्ये, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात, पणजी विभाग तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवली आहे. नकाशा पाहून झोपायचं की जागायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मला स्वतःला नकाशापेक्षा रिंगांची काळजी जास्त. कॉलमच्या उभ्या सळ्यांना आवळून धरणारी रिंग. तिची टोकं १३५ अंशांत आत वळवून निदान ६५ मिलिमीटर काँक्रीटच्या गाभ्यात शिरायला हवीत. साइटवर ती ९० अंशांतच वळवलेली दिसतात. सळ्या वाकवणाऱ्या बारबेंडरचंही चुकत नाही म्हणा, नगावर पैसे मिळतात आणि आत वळलेल्या हूकमुळे काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई अडते. पण हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. मुलांना गणितं येतात, पण हा हूक हातात धरून दाखवावा लागतो.

दुसरी गोष्ट स्टिल्टची. ताळगाव घ्या, मडगाव घ्या, नव्या इमारती खाली पार्किंगसाठी मोकळ्या. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठरपणा असतो, खाली नुसते कॉलम. सगळं हलणं त्या एका मजल्यात गोळा होतं. डोक्यावर भरला हंडा आणि गुडघे लटपटतायत, तसं. २००१ मध्ये भूकंप भुजजवळ झाला आणि दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती बसल्या.

पैशाचं म्हणाल तर डिझाइनच्या ऑफिसात जास्त मिळाला असता. प्रयोगशाळेसाठी निधी मागताना 'इथे भूकंप कुठे?' हेच पुन्हा ऐकावं लागतं. तरी जुना विद्यार्थी साइटवरून हूकचा फोटो पाठवतो, तेव्हा बरं वाटतं.

तुमच्या भाच्याचा फ्लॅट अजून बांधकामात आहे ना? कॉलममध्ये काँक्रीट भरायच्या आदल्या दिवशी त्याला रिंगांचे हूक बघायला साइटवर पाठवा. बिल्डर कुरकुरेल. कुरकुरू दे.