चार ट्रॅकच्या कॅसेटपासून कॉम्प्युटरपर्यंत : आमच्या स्टुडिओची वाटचाल

गिरगावातल्या आमच्या छोट्या स्टुडिओचं काम सुरू झालं ते चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर. टॅस्कॅम कंपनीचं असं मशीन, पोर्टास्टुडिओ, १९७९ मध्ये बाजारात आलं आणि साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक (आवाजाचे वेगवेगळे पट्टे) घेता येऊ लागले. कॅसेट नेहमी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, या मशीनमध्ये ती दुप्पट वेगाने पळते. चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात, त्यामुळे दुसरी बाजू वापरता येत नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटांचं काम बसतं.

भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगचा क्रम त्या मर्यादेतूनच ठरला. आधी पखवाज, पेटी आणि कोरस तीन ट्रॅकवर, मग ते तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर मुख्य गायक व टाळ घ्यायचे. टाळ कायम शेवटी. प्रत्येक उतरवणीत हिस (टेपची सळसळ) वाढते, वरच्या पट्टीतली चमक जाते आणि त्यात टाळ सगळ्यात आधी मरतो. शिवाय उतरवलेला तोल नंतर बदलता येत नाही. पखवाज दबला तर दबलाच.

त्यानंतर अर्धा इंची टेपवरचं आठ ट्रॅकचं मशीन आलं. साडेदहा इंची स्पूलवर ७६२ मीटर टेप, सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेग, म्हणजे एका स्पूलमध्ये ३३ मिनिटं. या मशीनला रोजची निगा लागते. हेड (टेपवर आवाज लिहिणारा-वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पण टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला ते लावायचं नाही. रबर कडक होतं. हेडवर साठलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर फिरवताना मशीन बंद आणि टेपा दूर. तो हेडपासून हातभर लांब चालू करायचा, जवळ न्यायचा, हळूहळू मागे घ्यायचा आणि पुन्हा लांब गेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ असताना बंद केला, तर हेड उलट चुंबकित होतं.

कॉम्प्युटरकडे वळण्याचं कारण आवाज नव्हतं, आवाज टेपवरही उत्तम येत होता. कारण होतं दुरुस्ती. टेपवर पंच इन केलं, म्हणजे चुकलेल्या जागी पुन्हा गाऊन घेतलं, की जुना सूर पुसला गेला. कॉम्प्युटरवर एकाच गाण्याचे पाच टेक (गाऊन घेतलेल्या खेपा) ठेवून त्यांतली एकेक ओळ निवडता येते. स्टाइनबर्ग या सॉफ्टवेअर कंपनीने १९९७ मध्ये साउंड कार्ड आणि प्रोग्रॅम थेट जोडणारी आसिओ ड्रायव्हरची पद्धत आणली, त्यामुळे साध्या पीसीवर कमी उशिरात अनेक ट्रॅक घेणं जमू लागलं. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्वांटेजीचा टेपचा कारखाना बंद पडला आणि कोरी टेप मिळण्याचाही भरवसा उरला नाही.

या बदलात सगळ्यात चिवट प्रश्न वेळेचा असतो. आठ ट्रॅकची टेप दोन इनपुटच्या साउंड कार्डावर चार फेऱ्यांत उतरवू, असं अनेकांना वाटतं. तसं करू नये. टेप दर वेळी अगदी त्याच वेगाने धावत नाही. दोन फेऱ्यांत वेगाचा फरक ०.०५ टक्के पडला, तर चार मिनिटांच्या गाण्यात शेवटाला १२० मिलिसेकंदांची तफावत होते; तबला आणि पेटी वेगळ्या झालेल्या कानाला स्पष्ट कळतात. म्हणून आठ इनपुटचा इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) घ्यावा आणि आठही ट्रॅक एकाच फेरीत घ्यावेत. तारा आम्ही लॅमिंग्टन रोडवरून माल आणून स्वतःच सोल्डर केल्या. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल), २४ बिटला (प्रत्येक नमुन्याची बारकाई) एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. आठ ट्रॅकचं ३३ मिनिटांचं स्पूल साधारण २.३ जीबी होतं.

गाताना दुसरा उशीर भेटतो तो बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो त्याचा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून ते जवळपास ११ होतात, त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचे वेगळे. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून येतो आणि तो लयीत रेंगाळतो. रेकॉर्डिंगला बफर ६४ किंवा १२८ ठेवावा, मिक्सिंगला १०२४. त्याहून चांगलं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर वापरावं, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो.

लेव्हलची सवयही बदलावी लागते. टेपवर हिसच्या वर राहायला मीटरचा काटा लालपर्यंत न्यायचो. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नाही, आवाज तिथे फाटतो. २४ बिटला तार सप्तकातला मोठा सूरही −१२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा.

जुन्या टेपा उतरवून देणं हे आता आमचं मोठं काम आहे, आणि मुंबईची दमट हवा तिथे आडवी येते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक) ओलावा शोषून चिकट होतो. टेप किंचाळते आणि हेडवर तपकिरी थर बसतो. तसं दिसताच मशीन थांबवावं. अशी टेप ५४ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात काही तास भाजतात (पाव इंचीला साधारण आठ, रुंद टेपला जास्त), पूर्ण थंड करतात आणि काही आठवड्यांतच उतरवून घेतात. घरच्या ओव्हनचं तापमान खालीवर होतं, तो वापरू नये. अ‍ॅसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) टेप तर भाजायचीच नाही. टेप डॉल्बीने (हिस कमी करणारी यंत्रणा) घेतली असेल तर त्याच प्रकारच्या डॉल्बीने आणि मूळ लेव्हल जुळवूनच उलगडावी. शेवटी सूर पेटीशी ताडून पाहावा. वेग एक टक्का कमी झाला की सूर १७ सेंट उतरतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). काळी चारचं गाणं मग ना काळी चार राहतं, ना पांढरी पाच, आणि त्यावर नवी पेटी वाजवता येत नाही.

आता बरेच गायक घरीच गाऊन फाइल पाठवतात. पंखा बंद, खिडकीला जाड गोधडी, माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर, एवढ्यावर चाळीतल्या खोलीतही स्वच्छ आवाज मिळतो. गाणं मधूनच सुरू होत असलं तरी फाइल साथीच्या ट्रॅकच्या पहिल्या क्षणापासून काढावी आणि वेव्हच (न दाबलेली फाइल) पाठवावी. एमपी३ करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते आणि पूर्ण गाणं तेवढं सरकतं. हेडफोन तारेचाच घ्यावा. ब्लूटूथमध्ये शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर सहज पडतो, आणि तेवढ्यात सम निघून गेलेली असते.